खोती गेली

गेल्या विधानसभा निवडणुकीत मतदान करायला मी गावी गेलो होतो. २० नोव्हेंबर २०२४. आदल्या रात्री पुण्याहून निघालो आणि पहाटे दापोलीत उतरलो. घरी पोचलो तर ओटीवर एका उमेदवाराचं पत्रक पडलं होतं. गुळगुळीत कागद, चार पानं, नऊ फोटो. 'भूमिका' या मथळ्याखाली चारच शब्द होते: विकास, रोजगार, पर्यटन, सन्मान. आमच्या वाडीला मार्चनंतर पाणी येत नाही, त्याबद्दल एक ओळ नव्हती. पाणी येईल असंही नाही आणि येणार नाही असंही नाही.

आजीनं पत्रक हातात घेतलं, चष्मा न लावताच घडी घालून डब्याखाली ठेवलं आणि दर निवडणुकीला म्हणते ते म्हणाली, "आता काय राहिलंय? खोती गेली, मग कुळकायदा आला. हे घर नि मागची चार कलमं, एवढं उरलं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. लाईट गेली, पाऊस गेला, खोती गेली. कुणी घालवली, का घालवली, असले प्रश्न त्या वाक्याच्या आसपास फिरकतही नाहीत. आमच्या घरात ती एक नैसर्गिक आपत्ती आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. एखादी गोष्ट काल चालत होती आणि आज बंद पडली, तर ती 'गेली' असं आमच्याकडे कुणी ऐकून घेत नाही. कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं. कुणी, कधी आणि कशासाठी, हे शोधावं लागतं. पुण्याला परतल्यावर मी खोतीच्या बाबतीत तेच केलं आणि शोधत शोधत पोचलो ते दुसऱ्याच एका निवडणुकीपाशी. फेब्रुवारी १९३७, मुंबई प्रांत. तिथं एका उमेदवाराच्या जाहीरनाम्यात आमच्या घराचा उल्लेख होता. नावानं नव्हे, हुद्द्यानं. खोत म्हणून.

त्या उमेदवाराचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

आमदारकीचे उमेदवार

बाबासाहेब आपल्याला संविधानामुळे माहीत असतात, महाडच्या तळ्यामुळे माहीत असतात, नागपूरच्या धर्मांतरामुळे माहीत असतात. पण भायखळा-परळच्या मतदारांकडे मत मागणारे, भाडं, मजुरी, सारा, पाणीपट्टी अशा विषयांवर ठोस भूमिका घेणारे विधानसभेचे उमेदवार ही त्यांची ओळख मला तरी शाळेत कुणी करून दिली नव्हती.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९३५ च्या कायद्यानं प्रांतांना बरीचशी स्वायत्तता दिली. प्रांताचं मंत्रिमंडळ आता निवडून आलेल्या सभेला जबाबदार असणार होतं. मत सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या लोकसंख्येपैकी जेमतेम १४ टक्के लोक मतदार होते. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यातल्या १५ पुणे करारानुसार अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसाठी राखीव होत्या.

त्याआधी दहा वर्षं बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात होते, पण सरकारनियुक्त सदस्य म्हणून. लोकांनी निवडून द्यायची ही पहिलीच खेप. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. काळ लक्षात घ्या. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलेलं. मे १९३६ मध्ये जातिसंस्थेवरचं त्यांचं न झालेलं भाषण पुस्तक म्हणून छापून आलेलं. एवढ्या धुमश्चक्रीत त्यांनी पक्ष काढला, तर त्याच्या नावात जात नव्हती, धर्म नव्हता. 'मजूर' हा शब्द होता.

आणि जाहीरनामा? तो वाचताना मला सारखं डब्याखालचं ते गुळगुळीत पत्रक आठवत होतं. यात शेतकऱ्यासाठी भूविकास बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था आणि खरेदी-विक्री संघ होते. जमिनीचे तुकडे पडत जाणं आणि शेतीवर माणसांचा भार वाढत जाणं ही गरिबीची कारणं सांगून त्यावर उद्योगधंदे आणि तांत्रिक शिक्षण हा उपाय मांडला होता. जिथं लोकहितासाठी गरज असेल तिथं उद्योग सरकारच्या मालकीचा असावा, असं तत्त्व होतं. गिरणी कामगारासाठी कामाच्या तासांची मर्यादा, पुरेसं वेतन, पगारी रजा, स्वस्त आणि आरोग्याला बरी घरं. सक्तीचं आणि मोफत शिक्षण. खेड्यांची आखणी, सांडपाण्याची व्यवस्था, सभागृहं, वाचनालयं. एवढंच काय, गावोगाव फिरता सिनेमासुद्धा.

आणि त्यात एक मुद्दा असा होता: खोत आणि तालुकदार यांच्या जुलमापासून कुळांना संरक्षण.

मुंबईतल्या मतदारसंघात उभा असलेला माणूस कोकणातल्या खोताबद्दल कशाला बोलतोय, असं वाटेल. पण परळ-लालबागच्या चाळींत राहणारे कोण होते? रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून पोट भरायला आलेलेच त्यात मोठ्या संख्येनं होते. गिरणीत मिळालेला पगार मनिऑर्डरीनं गावी जायचा आणि त्यातून खोताचं देणं फिटायचं. चाळ आणि खळं ही एकाच व्यवस्थेची दोन टोकं होती. बाबासाहेबांचं स्वतःचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं, म्हणजे आमच्या शेजारच्याच तालुक्यातलं. त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खोत म्हणजे नेमकं काय

मला खोत हा शब्द आडनाव म्हणून माहीत होता, घरातल्या तक्रारीतून माहीत होता. व्यवस्था म्हणून तो कधी समजून घेतला नव्हता.

देशावर बहुतेक ठिकाणी रयतवारी होती. जो जमीन कसतो त्याचं नाव सरकारी दप्तरात आणि सारा तो थेट सरकारला भरणार. रत्नागिरीत, कुलाब्यात आणि ठाण्याच्या काही भागात मात्र मध्ये खोत असायचा. गावाचा ठरलेला सारा सरकारात भरायची जबाबदारी त्याची. त्या बदल्यात कुळांकडून वसुली करायचा हक्क त्याचा. भरायच्या रकमेपेक्षा जास्त वसूल झालं ते त्याचं. खोतीच्या व्यवहारात या वरकमाईला 'फायदा' असंच म्हणत.

हिशेब असा. रिवाजानं भाताचा अर्धा वाटा खोताचा आणि नाचणी-वरीसारख्या वरकस पिकाचा तिसरा. म्हणजे एखाद्या कुळाच्या मळ्यात दहा मण भात पिकलं, तर पाच मण आमच्या खळ्यावर यायचं. नांगर त्याचा, बैल त्याचे, चिखलात उभं राहणं त्याचं. शिवाय वेठ होती. खोताच्या शेतात बिनमजुरीचा नांगर धरायचा, त्याच्या घराची शाकारणी करायची, ओझी वाहायची. कुळ कुणबी असो, महार असो, भंडारी असो की आगरी, नियम तोच. खोत आमच्यासारखे चित्पावन असत, तसे मराठा आणि मुसलमानही असत. त्यांचाही नियम तोच.

१८८० साली इंग्रज सरकारनं खोतीचा कायदा केला. त्यानं काही कुळांचे हक्क नोंदले गेले, पण खोत जागेवरच राहिला. सरकारलाही ते सोयीचं होतं. हजार दारांवर जाण्यापेक्षा एका दारावर जाणं स्वस्त पडतं.

कुळं मुकाट बसली होती असंही नाही. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. शेतकऱ्यांचा संप, म्हणजे शेत कसायचंच नाही. पंचवीसेक गावांतल्या जमिनी पडीक राहिल्या. लोक जंगलातली लाकडं विकून जगले, पण नांगर धरला नाही. हा संप तब्बल सहा वर्षं चालला. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब तिथल्या शेतकरी परिषदेला गेले होते. म्हणजे दोन वर्षांनी जाहीरनाम्यात जी ओळ आली, ती आधी चरीच्या पडीक शेतांवर लिहिली गेली होती.

बाळूंविरुद्ध

भायखळा-परळच्या राखीव जागेवर बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसनं उभं केलं पळवणकर बाळूंना. क्रिकेट वाचणाऱ्यांना हे नाव माहीत असेल. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा डावखुरा फिरकीपटू, चर्मकार समाजातून आलेला, आपल्या समाजाचा पहिला मोठा नायक. तरुणपणी बाबासाहेबांनाही त्यांचं केवढं तरी कौतुक होतं. आता तेच दोघे समोरासमोर. बाळूंच्या मागं देशातला सगळ्यात मोठा पक्ष होता. बाबासाहेबांच्या मागं सहा महिन्यांचा एक पक्ष आणि एक कागद.

निकाल लागला: आंबेडकर १३,२४५, पळवणकर बाळू ११,२२५.

स्वतंत्र मजूर पक्षानं फक्त सतरा उमेदवार उभे केले होते आणि त्यातले बहुतेक निवडून आले. त्यात नाशिककडचे भाऊराव गायकवाड होते आणि सर्वसाधारण जागांवरून कोकणातले अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकरही होते. चित्रे आणि टिपणीस तर महाडच्या सत्याग्रहापासूनचे सहकारी, दोघेही अस्पृश्य समाजाबाहेरचे. कोकणातल्या मतदारांनी त्यांना निवडून दिलं ते खोतीच्या प्रश्नावर बोलतात म्हणून.

बहुमताच्या सर्वात जवळ होती काँग्रेस. सुरुवातीची ओढाताण संपल्यावर जुलै १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर मुंबईचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. खेरांचा जन्म रत्नागिरीचा. महसूलमंत्री मोरारजी देसाई. याच काँग्रेसनं डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरच्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला होता. त्यात खंड कमी करणं होतं आणि वेठ बंद करणंही होतं. म्हणजे कागदावर दोन्ही पक्ष एकाच बाजूला होते. आता फक्त करून दाखवायचं होतं.

१७ सप्टेंबर १९३७

त्या दिवशी पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. निवडणूक होऊन सात महिने झाले होते. जाहीरनाम्यातली ओळ कलमांमध्ये बदलली होती.

बाबासाहेबांचं कायदेमंडळातलं काम महाराष्ट्र सरकारनं १९८२ साली ग्रंथरूपात छापलंय. त्याची पीडीएफ मी फोनवर उतरवून घेतली आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचली. काय अपेक्षा होती माझी? खरं सांगायचं तर खोतांवर आग ओकणारं काहीतरी असेल असं वाटलं होतं. मनातल्या मनात मी बचावाची तयारीही केली होती. माझे पणजोबा काही वाईट माणूस नव्हते, वगैरे.

विधेयकात तीन गोष्टी होत्या. एक, खोती पद्धत संपवायची. दोन, जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखाली कब्जेदाराचा दर्जा द्यायचा, म्हणजे त्याचा सरकारशी थेट संबंध. आणि तीन, हक्क गेल्याबद्दल खोताला वाजवी भरपाई द्यायची.

तिसऱ्या मुद्द्यापाशी मी थांबलो. आमच्या घरात 'लुबाडलं' हा शब्द सर्रास वापरला जातो. आणि इथं, आजीचा जन्म होऊन जेमतेम वर्ष झालेलं असताना, आमचा सगळ्यात मोठा विरोधक समजला जाणारा माणूस आम्हाला भरपाई मिळावी म्हणून कायद्यात कलम घालून बसला होता. त्याचं म्हणणं खोताच्या स्वभावाबद्दल नव्हतंच. सरकार आणि शेतकरी यांच्यामध्ये असा एक माणूस बसवला की त्याच्या हाती अमर्याद सत्ता येते, मग तो माणूस कितीही सज्जन असो, हे त्याचं म्हणणं होतं. चूक रचनेत होती. रचना बदला. माझ्या पणजोबांच्या सज्जनपणाचा मी तयार केलेला सगळा बचाव त्या क्षणी निकामी झाला. कारण तो मुद्दाच नव्हता.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर विधेयक ही पुल रिक्वेस्ट असते. तुम्ही बदल लिहून देता, कारण सांगता, पण तो मूळ प्रणालीत सामावून घ्यायचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. हे खासगी सदस्याचं विधेयक होतं. सभागृहाचा वेळ आणि बहुमत दोन्ही सरकारकडे. पुल रिक्वेस्ट उघडीच राहिली. कुणी नाकारली नाही, कुणी स्वीकारली नाही. नुसती पडून राहिली.

१० जानेवारी १९३८ ला सुमारे वीस हजार शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. रीगल सिनेमाजवळची ती जुनी इमारत, जिथं आता राज्याच्या पोलिसांचं मुख्यालय आहे. कोकणातून आलेले शेतकरी त्यात होते. परुळेकर, चित्रे पुढं होते. त्यांचं शिष्टमंडळ खेरांना भेटलं, मागण्यांचा कागद दिला. खोती रद्द करा ही त्यातली ठळक मागणी.

माझ्या गावातलं कुणी त्या मोर्च्यात होतं का, हे मला शोधून सापडलेलं नाही. असतील तर ते आमचीच कुळं असणार.

आणखी काय काय

हा एकच विषय धरून बसलेला पक्ष नव्हता. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी घेतलेल्या भूमिका बघितल्या की जाहीरनामा म्हणजे काय असतं ते कळतं.

महारांना गावकामाच्या बदल्यात जे तुटपुंजं वतन मिळायचं, ते बाबासाहेबांना जमीन नव्हे तर बेडी वाटत होतं. वतनाचा कायदा बदलावा म्हणून त्यांनी १९२८ पासून विधेयकं आणली. स्वतःच्याच समाजातल्या काहींना ही भूमिका धोक्याची वाटत होती, तरी ती सोडली नाही. जानेवारी १९३८ मध्ये एका विधेयकात 'हरिजन' हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. आमचं नाव तुम्ही का ठरवणार, असा साधा प्रश्न होता. बहुमतानं तो शब्द राहिला आणि पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले.

१९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकानं तडजोडीची प्रक्रिया पूर्ण होण्याआधी केलेला संप गुन्हा ठरवला. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा होता की काम सोडणं हा फार तर करारभंग होऊ शकतो, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला शिक्षेच्या भीतीनं भाग पाडणं म्हणजे गुलामी. ७ नोव्हेंबर १९३८ ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात ज्यांच्याशी बाबासाहेबांचे तीव्र मतभेद होते ते कम्युनिस्टही बरोबर होते. विधेयक तरीही मंजूर झालं. त्याच महिन्यात पक्षाचे सदस्य रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. तोही पडला.

एकूण हिशेब मांडला तर हा पक्ष सभागृहात हरतच होता. विधेयक पडून, ठराव नामंजूर, सभात्याग. त्याच सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. १९३९ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, कुळांना थोडं संरक्षण देणारा कायदा झाला. मोरारजींच्या मध्यस्थीनं चरीचा संप मिटला. पण खोत जागेवर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसची मंत्रिमंडळं राजीनामे देऊन बाहेर पडली. १९४२ साली स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं घेतली. मजूर पक्ष संपला.

मग खोती गेली कशी

१९४६ साली पुन्हा काँग्रेसचं सरकार आलं. पुन्हा खेर मुख्य, पुन्हा महसूल मोरारजींकडे. या सरकारनं १९४८ साली नवा कुळकायदा केला आणि त्यापाठोपाठ खोती निर्मूलनाचा कायदा. तो १९५० साली मुंबईचा सहावा कायदा म्हणून दप्तरात आला. पुण्यात पडून राहिलेली ती पुल रिक्वेस्ट बारा-तेरा वर्षांनी त्याच लोकांनी स्वतःच्या नावानं सामावून घेतली.

आणि मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट पुढंच आहे. जमीन सुधारणांचे कायदे ठिकठिकाणी न्यायालयात अडकायला लागले, तेव्हा १९५१ साली संविधानाची पहिली दुरुस्ती झाली आणि नववं परिशिष्ट जोडलं गेलं. या परिशिष्टातल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाखाली आव्हान देता येणार नाही, अशी व्यवस्था झाली. पहिल्या यादीत तेरा कायदे होते. त्यातला सहावा मुंबईचा खोती निर्मूलन कायदा. तेव्हा देशाचे कायदामंत्री होते डॉ. आंबेडकर. या दुरुस्तीच्या बाजूनं ते संसदेत बोलले. जो कायदा आमदार म्हणून त्यांना करता आला नाही, त्याला मंत्री म्हणून कुलूप लावायच्या कामात त्यांचा हात होता.

महार वतनं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

आमच्या कागदपत्रांच्या पेटीत एक फेरफाराची नक्कल आहे. तिच्यात 'खोती निसबत' आणि 'खोती खासगी' असे शब्द आहेत. निसबत म्हणजे कुळांकडे असलेली, खासगी म्हणजे खोत स्वतः राखून असलेला. १९५० ला निसबतीवरचा वसुलीचा हक्क गेला. खासगीपैकी जी दुसऱ्यांकडून कसून घेतली जात होती, ती १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसणाऱ्यांकडे गेली. उरलं ते घर, मागचं आगर आणि चार कलमं. आजीचा हिशेब बरोबर आहे. तिचं फक्त क्रियापद चुकतं.

अंगण

यंदा मे महिन्यात मी हे सगळं आजीला सांगितलं. वाद घालायचा नव्हता. तिचं वय अठ्ठ्याऐंशी, मला जिंकून काय करायचंय? भरपाईच्या कलमाचं सांगितलं. पाच मणांचा हिशेब सांगितला. ती ऐकत होती. मग म्हणाली, "वेठ वगैरे आपल्याकडे नव्हती हो."

मी गप्प राहिलो.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा दिवाळीच्या आधी वाडीवरच्या बायका यायच्या अंगण सारवायला. सगळं अंगण, खळं, गोठा. दोन दोन दिवस."

"पैसे किती द्यायचात?"

"पैसे कसले? त्या यायच्याच." एवढं बोलून ती थांबली. अंगणाकडे बघत राहिली. आता तिथं कोबा आहे. "फराळ द्यायचो," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, स्वतःशीच म्हटल्यासारखं, "यायच्याच म्हणजे... न येऊन सांगणार कुणाला."

खोती कायद्यानं जाऊन चार-पाच वर्षं झाल्यानंतरची ही गोष्ट आहे.

त्या बायकांपैकी एकीचा मुलगा आमच्या घराखालच्या मळ्यात अजून भात लावतो. मतदानाच्या रांगेत तो माझ्या पुढं उभा होता. त्याचा सातबारा त्याच्या नावावर आहे. आम्ही पाण्याबद्दल बोललो, कारण पाणी त्यालाही नाही आणि आम्हालाही नाही. १९३७ च्या त्या निवडणुकीबद्दल मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, नाहीतर विचारलं असतं, तुमच्या घरातलं कुणी मुंबईला मोर्च्याला गेलं होतं का. यंदा विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण त्याची आजी एक गोष्ट सांगायची म्हणाला. खळ्यावर भात मोजताना खोताचं माप वेगळं आणि घरातलं माप वेगळं असायचं. मी कुणाचा पणतू आहे हे त्याला माहीत आहे. तरी सांगितलं, हे मला बरं वाटलं.

ते गुळगुळीत पत्रक मी डब्याखालून काढून पुण्याला घेऊन आलोय. त्याच्या मागच्या कोऱ्या जागेवर मी १९३७ च्या त्या जाहीरनाम्यातले मुद्दे लिहून काढलेत. बाजूला जुळवून बघायला. पुढच्या वेळी कुणी मत मागायला आलं, तर मी एकच विचारायचं ठरवलंय: यातलं कोणतं कलम तुम्ही सभागृहात मांडणार आणि ते पडलं तर पुन्हा कधी मांडणार?